साडीला पाच स्टार, बोलण्याला तीन

आधी कामाचं सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे ते वाचून निघून जातील. नारायणपेठ, इरकल, खणाच्या साड्या नाहीतर पैठणी बघायची असेल तर ठाण्याच्या नौपाड्यातलं हे साड्यांचं दुकान अजूनही मस्त आहे. माल चोख, सेमी (म्हणजे हातमागाची नाही, मशीनवरची) असेल तर सेमी म्हणून सांगतात, केंद्रीय रेशीम मंडळाचं ते अस्सल रेशमाचं सिल्क मार्क लेबल मागायला लागत नाही, आधीच लावलेलं असतं. रेट फिक्स. फॉल-पिको मात्र इथे टाकताना दहादा विचार करा, का ते खाली येईलच. सरासरी चार स्टार दिलेत, जो एक कापलाय तो साडीसाठी नाही तर बोलण्यासाठी. आता म्हणाल बोलण्यासाठी कोण स्टार कापतं, पण साडीच्या दुकानात निम्मी खरेदी बोलण्यावरच होते की, नाहीतर ऑनलाइन स्वस्तात मिळत असताना आपण रिक्षा करून नौपाड्यात कशाला जातो.

आमच्याकडे माहेरी तीन पिढ्या इथूनच साड्या घेतायत. पूर्वी इथे गादी होती, पांढरी चादर, चपला बाहेर काढून मांडी घालून बसायचं आणि समोरून काका साडी अशी फेकायचे की बरोब्बर पदर वर येऊन पडायचा. आता नूतनीकरण झालंय, एसी, काचेचे काउंटर, उंच स्टुलं, वरच्या मजल्यावर ब्रायडल सेक्शन. मालकांचा मुलगा बघतो सगळं आणि त्याने स्टाफला ट्रेनिंग दिलंय हे दारातच कळतं. पाटी मराठीत, चांगली ठसठशीत. ते आता कायद्यानेच लागतं, २०२२ ला नियम बदलला आणि २०२३ ला सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा भलेभले सरळ झाले. पण त्या पाटीखालून आत शिरलं की 'वेलकम मॅम, हाऊ मे आय हेल्प यू'. मुलगी कळव्याची, मराठी फर्डं बोलते, पण पहिलं वाक्य ठरलेलं, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं एका सुरात म्हणून टाकते आणि ते संपलं की मोकळी होऊन 'बोला ना, काय दाखवू' वर येते. पूर्वी दारात कोणी उभं नसायचं, आतूनच आवाज यायचा, या या, बसा. हल्ली दारात वॉचमनही आहे, तो मला आंटी म्हणाला. असो.

सगळ्यात मजा चहावरून झाली. नणंदेच्या मुलीचं लग्न आहे म्हणून आम्ही तिघी गेलो होतो, मी, माझी आई आणि माझी मुलगी. बसल्या बसल्या त्या मुलीने विचारलं, 'मॅम टी, कॉफी, कोल्ड ड्रिंक?' आई म्हणाली, 'नको नको, आत्ताच घेऊन निघालो.' आम्ही काहीही घेऊन निघालो नव्हतो, भर उन्हातून आलो होतो आणि आईला चहा पाहिजे होता. पण आईच्या हिशोबात पहिलं नको धरायचंच नसतं. समोरच्याने म्हणायचं 'अहो असं कसं, अर्धा कप तरी', मग आपण म्हणायचं 'कशाला उगाच', मग त्याने आत हाक मारायची 'ए, तीन चहा सांग रे' आणि आपण 'तुम्ही काही ऐकायचे नाहीत' असं म्हणत कपाला हात लावायचा. एवढं सगळं व्हायला पाहिजे होतं. ती मुलगी म्हणाली 'शुअर मॅम' आणि गेली. आई बघतच राहिली. तेवढ्यात माझी मुलगी पलीकडून म्हणाली, 'मला कॉफी चालेल, थँक्यू', तिला लगेच कॉफी आली, वर बिस्किटं. आई घरी येऊन सगळ्यांना सांगत होती की दुकानात साधं पाणी विचारलं नाही हो. विचारलं होतं! पण एकदाच विचारलं म्हणजे आईच्या लेखी विचारलंच नाही. मी दोघींच्या मध्ये अडकलेली. मी हल्ली एकदाच नको म्हणते पण जरा लांबवते, नकोऽऽ, शहाण्या माणसाला कळतं.

त्या मुलीची चूक नाही. तिला शिकवलंय की गिऱ्हाईक नाही म्हणालं की मागे लागायचं नाही, आणि माझ्या मुलीच्या वयाच्या सगळ्यांना तेच बरोबर वाटतं, नाही म्हणजे नाही. आमच्या सासरी कोकणात पुरे म्हणून ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून भात वाढायचे, प्रेम वगैरे ठीक आहे पण रात्री सोडा घ्यायला लागायचा.

मॅमचं सांगायचं तर आई मॅम, मी मॅम, मुलगी पण मॅम. 'मॅमना ही दाखवते' असं ती म्हणाली आणि तिघींनी एकदम माना वर केल्या. जुन्या काकांकडे (ते अजून आहेत, सांगते) ह्याची सोय असते, आईला आई, मला ताई, मुलीला बाळा. पण त्यात एक गोम आहे, ताईची काकू कधी करायची ते समोरचा ठरवतो आणि तो दिवस सांगून येत नाही. जांभळी नाक्यावर भाजीवाल्याने मला पहिल्यांदा काकू म्हटलं तेव्हा मी कोथिंबीर तिथेच ठेवून पुढे गेले होते. त्यामानाने मॅम बरं, वय विचारत नाही. वहिनी तर गेलंच. पूर्वी नवरा बरोबर असला की दुकानदार हटकून वहिनी म्हणायचे, म्हणजे नवऱ्याचा आपोआप भाऊ झाला, आणि भावाने घासाघीस कशी करायची! आता नवऱ्याला सर म्हणतात आणि सर सोफ्यावर मोबाईलमध्ये.

आणि आपण गिऱ्हाईक तरी कुठे नीट बोलायचो. माझे बाबा दुकानात सरळ 'ए, ती वरची काढ रे' म्हणायचे, समोरचा त्यांच्याच वयाचा असला तरी. हॉटेलात गेलं की 'ए बारक्या'. त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. चौदा वर्षांखालच्या पोरांना हॉटेलात आणि घरकामाला ठेवायला बंदी आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये, तोपर्यंत टेबल पुसायला बारक्याच असायचा आणि बारक्याला अहो कोण म्हणणार. माझी मुलगी रिक्षावाल्यापासून डिलिव्हरीवाल्यापर्यंत सगळ्यांना दादा म्हणते, अहो-जाहो करते, वस्तू हातात आली की थँक्यू. घरातपण तेच, पाणी दिलं तरी 'थँक्यू आई'. सुरुवातीला मला परक्यासारखं वाटायचं, घरच्यांचे कसले आभार मानायचे, आता नाही म्हणाली तर हिचं काय बिनसलंय असं वाटतं.

तर काका. पैठणी बघायची असेल तर काकांकडेच बसा. ट्रेनिंगला ते बसले होते की नाही कोण जाणे, पण त्यांच्या तोंडून मॅम मी अजून ऐकलं नाही. पदर हातात घेतात आणि आधी उलटा करून दाखवतात, 'ताई, मागची बाजू बघा.' हातमागाच्या पैठणीचे मोर, मुनिया मागून पुढून सारखेच दिसतात, मशीनवरच्या पैठणीत मागे धागे लोंबत असतात नाहीतर कापलेले असतात. आम्हाला एक मोरपंखी फार आवडली होती, काकांनीच ती उलटी केली, त्या सुट्या धाग्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, 'ही सेमी आहे हो, द्यायला घ्या, स्वतःला घेऊ नका.' हातातलं गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने घालवलं. द्यायच्या साड्यांवरून ते म्हणत होते की आता तो खपच बसला, लोक पत्रिकेतच छापतात ना, कृपया आहेर आणू नये, आमचं कसं चालायचं.

हे सगळं छान आहे पण. माझी मुलगी सावळी आहे. तिने आपल्या हाताने एक लिंबू कलरची खणाची साडी उचलली तर काका, अगदी गोड आवाजात हं, म्हणाले, 'बाळा, हा रंग गोऱ्यांना खुलतो गं, तुझ्यासाठी वेगळी काढतो ना.' मी गप्प. मुलगी म्हणाली, 'काका, मला हीच आवडलीये, हीच द्या.' काका बरं बरं म्हणाले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. मग आईकडे बघितलं, आईच्या कपाळाकडे बघितलं आणि फिक्या साड्यांची चळत काढली, मोतिया, राखाडी, फिकी जांभळी, 'आईंना सोबर दाखवतो.' बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट ते जपूनच वागत होते, विचारायला लागू नये म्हणून आपणच समजून घेतलं असा त्यांचा भाव. आई पण त्यातलीच एक राखाडी उचलून मान डोलवायला लागली होती. तेवढ्यात ती कळव्याची मुलगी, जिने चहाचं 'नको' लगेच खरं मानलं होतं ती, मधूनच एक डाळिंबी इरकल घेऊन आली आणि सरळ आईच्या खांद्यावर टाकली, 'मॅम ही ट्राय करा ना, भारी दिसेल.' तिला कपाळ वगैरे बघायचं कोणी शिकवलेलंच नाही. आईने आरशात बघितलं, काठ दोन बोटांत धरून चोळून बघितला, तो लाल-पांढरा टोपपदर पूर्ण उलगडून घेतला आणि विचारलं, 'कितीला?' घेतली. काका शांतपणे राखाडी साडीची घडी घालत होते. त्या ट्रेनिंगवर मी वर जे काही तोंडसुख घेतलंय त्यातलं बरंचसं इथे फिटलं.

काही न घेता उठणंही आता सोपं झालंय. पूर्वी समोर ढीग पडला की उठायची लाज वाटायची, 'बघायचे काय पैसे पडतात का' असं म्हणत म्हणत ते ढीग वाढवत न्यायचे आणि आपण त्या ढिगाच्या ओझ्याखाली एखादी नको असलेली साडी घेऊन घरी यायचो, माझ्या कपाटात आहेत अशा. नाहीतर मग कारणं, ह्यांना घेऊन येते, मॅचिंग बघून येते, घरी विचारून सांगते. दुकानदाराला माहीत असायचं ही काही परत येत नाही, तरी तो म्हणायचा 'या, आपलंच दुकान आहे', चेहरा मात्र वेगळंच सांगत असायचा. आता 'नो इश्यूज मॅम, व्हिजिट अगेन.' टार्गेट त्यांनाही असेलच, पण तोंड पाडत नाहीत. मागच्या खेपेला मी चक्क 'नाही आवडली' एवढंच म्हणून उठले. निघताना सवयीने 'येते हं' म्हटलं तर काउंटरवरच्या नवीन मुलाने विचारलं, 'कब आओगे मॅडम?'

बिलिंगवर मात्र ही सगळी अदब गळून पडते. 'मॅम नंबर प्लीज.' मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलंय की बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका, पण इतक्या गोडीत विचारतात की निम्मे आकडे सांगून होईपर्यंत आपण का सांगतोय हेच लक्षात येत नाही. ह्यावेळी मी ठरवून 'नको, राहू दे' म्हटलं. तर 'मॅम सिस्टीममध्ये कंपलसरी आहे', परत नको म्हटलं तर 'मॅम ऑफर्स येतील', परत नको तर 'सॉरी मॅम, बिलच जनरेट होत नाही'. म्हणजे चहाला एकदा विचारायचं आणि नंबरला पाचदा! शेवटी दिला, मागे रांग लागली होती. मग यूपीआय केलं तर तो डबा ओरडला, इतके हजार इतके रुपये प्राप्त झाले, अख्ख्या दुकानाला कळलं. पूर्वी आकडा तोंडाने बोलायचे नाहीत, काका कॅल्क्युलेटर हळूच आपल्याकडे फिरवायचे, सासूबाई शेजारी बसलेल्या असल्या की त्याची किंमत कळायची. आणि सगळ्यात शेवटी, 'मॅम फाइव्ह स्टार द्या ना प्लीज, आणि रिव्ह्यूमध्ये माझं नाव टाका.' त्याचे त्यांना पॉइंट मिळतात म्हणे. मी नाव टाकत नाहीये, पोरींना असं मागायला लावणं मला पटत नाही, पण मालक हे वाचत असतील तर डाळिंबी इरकल कोणी विकली ते बिलावर आहे, बघून घ्या आणि द्या तिला काय द्यायचं ते.

आता तो कापलेला स्टार. दोन साड्या फॉल-पिकोला टाकल्या, 'मॅम मंगळवारी रेडी, मेसेज येईल'. मेसेज आला म्हणून वर्तकनगरहून रिक्षा करून गेले तर साडी तयार नाही, सॉरी मॅम. परत बोलावलं तेव्हा गेले तर परत तेच, सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स मॅम. मग व्हॉट्सॲपवर सॉरी, हात जोडलेले इमोजी ओळीने. ते सॉरी इतकं पटकन आणि इतकं हसून येतं की भांडायला जागाच राहत नाही, आवाज चढवला तर आपणच उद्धट दिसतो. ठाणे स्टेशनवर गाडी लेट झाली की 'प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' ऐकून कोणी मोबाईलमधून मान तरी वर करतं का, तसंच झालंय त्या सॉरीचं. साडी कुठे आहे, कोणाकडे आहे, कधी मिळेल, ह्यातलं काहीच नाही, फक्त सॉरी.

शेवटी काकांनी मला काउंटरपाशी उभी असलेली बघितली. काका सॉरी म्हणाले नाहीत. म्हणाले, 'अरेरे, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला हो, तोही ह्या उन्हात.' बस, मी निम्मी गार झाले. काउंटरवरचा पोरगा स्वतःला किती वाईट वाटतंय ते सांगत होता, काकांना माझी पायपीट दिसली. मग स्टूल पुढे ओढलं, कारागिराला फोन लावला, एकेरीवर येऊन झापलं त्याला (ते ऐकून मला जरा कसंतरी झालं, त्याची बाजू कोण ऐकणार), साड्या दुसऱ्याच कोणाच्या पिशवीत गेल्यात हे शोधून काढलं, आणि चहा आला, न विचारता. एक साडी तिथेच हातात पडली, दुसरी संध्याकाळी त्यांचा माणूस घरी देऊन गेला. काका रिटायर झाल्यावर ह्या दुकानात हे कोण करणार आहे ते मालकांनी बघावं, ट्रेनिंगमध्ये एक तास काकांना पण बोलू द्या.

अजून एक. काउंटरवर पूर्वी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही, हुकुमावरून' अशी पाटी होती, तिच्या जागी आता सोनेरी अक्षरांत 'नो एक्सचेंज नो रिफंड, थँक यू फॉर युअर कोऑपरेशन' लावलंय. कोऑपरेशन दिलं कोणी? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत तो परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीये, पाटी कितीही नम्र असली तरी. मला तशी वेळ आली नाही, लिंबू साडीच्या काठाशी एक धागा सुटला होता तो पैसे द्यायच्या आधीच दिसला, कुरकुर न करता दुसरा पीस दिला. कोणाला अडलंच तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

जायचं असेल तर दुपारी जा, शनिवार-रविवार संध्याकाळी नको, पाडवा-दिवाळीच्या आधी तर नकोच, राम मारुती रोडला पाऊल टाकायला जागा नसते आणि गाडी लावायची कुठे हा प्रश्न वेगळाच. ब्रायडलचा जिना चढा आहे, गुडघेवाल्यांनी खालीच बसून मागवावं, आणून देतात पण आपण सांगावं लागतं. चहा हवा असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. फॉल-पिको बाहेर करा, इथेच टाकायचं असेल तर पावतीवर तारीख आणि साड्यांचे रंग लिहून घ्या.

आणि मालक, ते रोज सकाळचं गुलाबाच्या फुलाचं शुभ सकाळ बंद करता येईल का. मी 'स्टॉप' लिहून पाठवलं तर उत्तर आलं, 'थँक्यू फॉर युअर इंटरेस्ट मॅम, अवर एक्झिक्युटिव्ह विल कॉल यू शॉर्टली.' कॉल आला पण.